जबान आणि शिट्टी

फुटबॉलचे नियम सतरा. त्यातला बारावा सगळ्यांत भांडखोर. पाय अडवणं, ढकलणं, हाताने चेंडू खेळणं, अंगावर थुंकणं, सगळं त्यात. त्याच नियमात अर्धी ओळ अशी आहे की, पंचाच्या निर्णयाबद्दल जो खेळाडू शब्दाने किंवा कृतीने नापसंती दाखवील त्याला ताकीद द्यावी, म्हणजे पिवळं कार्ड दाखवावं. पुस्तकात ती अर्धी ओळ. मैदानात मात्र आमचा निम्मा जीव तिच्यातच जातो.

आम्ही म्हणजे कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत शिट्टी घेऊन उतरणारे पंच. कोणी शाळेत मास्तर, कोणी एस. टी.च्या वर्कशॉपात, एक-दोन बँकेत. हंगाम सुरू झाला की संध्याकाळी काळे कपडे पिशवीत घालून निघायचं, दीड तास पळायचं आणि घरी येऊन बायकोने विचारलं, "आज कसं झालं?" तर "बरं झालं" एवढंच सांगायचं. काय काय ऐकलं ते सांगायचं नाही. आमच्यात चार-पाच जण मुसलमान आहेत, बाकीचे मराठे, जैन, दलित, एक लिंगायत. मैदानात सगळ्यांना एकच नाव: "ओ पंच!"

ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल पाहिलेला नाही त्यांना सांगावं लागेल. हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. संघाच्या नावातच तालीम मंडळ असतं. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की अर्धं गाव एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या बाजूला. अशा ठिकाणी थ्रो-इन कुणाचा एवढा साधा निर्णय दिला तरी एका पेठेला वाटतं, पंच विकला गेलाय. खेळाडूही त्याच पेठेतला. रात्री त्याला त्याच कट्ट्यावर बसायचंय. पंचाला चार शब्द न सुनावता तो गेला तर कट्ट्यावर त्यालाच ऐकावं लागतं. म्हणून तो बोलतो ते बऱ्याचदा आमच्याशी बोलतच नसतो. तोंड आमच्याकडे, कान गॅलरीकडे.

नापसंतीचे प्रकार तरी किती! हात पसरून आभाळाकडे बघणं. टाळ्या वाजवणं, "वा पंच, वा!" शिट्टी झाल्यावर चेंडू लांब भिरकावणं. लाईनमनकडे धावत जाणं. बोटांवर मोजून दाखवणं, की त्याचा हा चौथा फाऊल, तरी कार्ड नाही. अलीकडे एक नवीन आलंय. टी.व्ही.वर बघून पोरं दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन काढतात, म्हणजे व्हिडिओ बघा. आमच्या मैदानात गोलपोस्टला जाळी मिळाली तरी नशीब, तिथे व्हिडिओ कुठला? पण चौकोन काढतात. मोठ्या स्पर्धांत हा चौकोन अती झाला तर त्यालाही पिवळं कार्ड आहे. आम्ही एकदा नुसतं हसलो आणि खेळ पुढे चालू केला. ते पोरगंही हसलं.

तर प्रश्न असा की, ऐकायचं किती?

आज जी कार्डं आम्ही खिशात घालून फिरतो, ती या बोलण्यातूनच जन्माला आली. २३ जुलै १९६६, लंडनचं वेम्बली मैदान, विश्वचषकाची उपान्त्यपूर्व फेरी, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. पंच पश्चिम जर्मनीचे रुडॉल्फ क्राईटलाईन. अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रात्तीन सतत त्यांच्या मागे मागे, सतत काहीतरी बोलत. पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास क्राईटलाईननी त्याला बाहेर काढलं. क्राईटलाईनना स्पॅनिश येत नव्हतं आणि रात्तीनला जर्मन. तरी बाहेर काढायचं कारण बोलणंच! रात्तीन दंडावरची कर्णधाराची पट्टी दाखवत राहिला. मी कप्तान आहे, मला बोलायचा हक्क आहे, दुभाषा बोलवा, असं त्याचं म्हणणं. आठ-दहा मिनिटं खेळ बंद. तो जायला तयार नाही. शेवटी गेला तो राणीसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर जाऊन बसला. इंग्लंडने सामना एक-शून्य जिंकला.

गंमत पुढेच आहे. त्याच सामन्यात इंग्लंडच्या जॅक चार्ल्टनचंही नाव पंचांनी वहीत लिहिलं होतं. ते त्याला स्वतःला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. म्हणजे बाहेर काढलेल्याला का काढलं ते कळलं नाही, आणि ताकीद दिलेल्याला ताकीद दिल्याचंच कळलं नाही. त्या विश्वचषकात पंचांची सगळी व्यवस्था केन ॲस्टन यांच्याकडे होती. हे गृहस्थ पेशाने शिक्षक, आणि १९६२ मध्ये सांतियागोला चिली-इटली ही हाणामारीची मॅच शिट्टी घेऊन निभावलेले. सामन्यानंतर गाडी चालवत घरी जाताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर ते सिग्नलला थांबले, आणि तिथे त्यांना सुचलं: पिवळा म्हणजे जरा सांभाळून, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ही कार्डं आली. त्या सबंध स्पर्धेत लाल एकदाही निघालं नाही. विश्वचषकातलं पहिलं लाल कार्ड १९७४ मध्ये पश्चिम बर्लिनला तुर्कस्तानच्या दोआन बाबाजान यांनी चिलीच्या कार्लोस कासेलीला दाखवलं.

मास्तर लोकांचा आणि पंचगिरीचा असा जुना नातेसंबंध आहे. वर्गात चाळीस पोरं एकदम बोलायला लागली की मास्तर काय करतो? ओरडणारा मास्तर आठ दिवसांत संपतो. आम्हाला हे शिकवलं ते आमच्यातल्या एका ज्येष्ठाने. त्यांना गावातले सगळे, हिंदू काय मुसलमान काय, चाचाच म्हणायचे. चाचा शिक्षक नव्हते, कारखान्यात फिटर होते. नियमपुस्तक इंग्रजी, ते त्यांनी आमच्याकडून ओळ ओळ मराठीत करून घेतलं आणि मग आम्हालाच त्याचा अर्थ सांगितला.

त्यांचं पहिलं सांगणं, प्रश्न आला तर उत्तर द्या, शेरा आला तर देऊ नका. "पंच, कशाबद्दल दिलं?" हा प्रश्न आहे. "पाय लावलास" एवढं दोन शब्दांत सांगावं. पोरगं निम्म्याने शांत होतं. "ह्याला काय दिसतंय व्हय!" हा प्रश्न नाही, त्याला उत्तर दिलं की वाद सुरू. दुसरं, निर्णय दिलेल्या जागी उभं राहू नये. शिट्टी, हात, आणि लगेच पुढच्या जागेकडे चालू पडावं. चेंडू जितक्या लवकर परत खेळात येईल तितक्या लवकर तोंडं बंद होतात. पळणाऱ्या माणसाला बोलायला दम उरत नाही. तिसरं, कार्ड कुणाच्या नाकासमोर धरू नये. चार पावलं मागे, हात सरळ वर, नजर त्याच्या अंगावरच्या नंबरावर. आणि नाव लिहायला वेळ लावावा. लिहिणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, असं चाचांचं म्हणणं. शिट्टीलाही बोली असते. साध्या फाऊलला आखूड, गंभीर गोष्टीला लांब आणि करकरीत. सगळ्यांना एकच फुंकर मारणारा पंच लवकर बहिरा होतो, म्हणजे लोकच त्याला बहिरे होतात. रमजान हंगामात आला की हे अवघड. रोज्यात तोंड सुकलेलं, शिट्टी ओठाला चिकटते आणि लांब फुंकर निघतच नाही. अशा दिवशी चाचा नुसत्या हाताने सामना काढायचे.

एकदा शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी पेनल्टी नाकारली. स्ट्रायकर धावत आला, मागे चौघे.

"चाचा, तुमी बगितलंच न्हाई!"

"बगितलं बाळा. तुज्यापेक्षा धा हात जवळनं बगितलं. जा, कॉर्नर घे."

मागचे चौघे थांबले. त्यांना बोलायला काही उरलंच नव्हतं. आम्ही विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "बोलने दे रे. बोलके उतरताय उसका. एक बार बोला तो दर्द है. दो बार बोला तो आदत है. तीसरी बार बोला तो खेल है उसका, तब निकाल कार्ड."

मोठ्या मैदानावरही हे सगळ्यांना साधत नाही. जानेवारी २००० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि मिडल्सब्रो यांचा सामना होता. पंच अँडी डर्सो यांनी मिडल्सब्रोला पेनल्टी दिली, आणि रॉय कीन व त्याचे सोबती त्यांच्यावर चालून गेले. डर्सो मागे सरकतायत, खेळाडू पुढे. कपाळावरच्या शिरा तट्ट फुगलेल्या. तो फोटो जगभर छापला गेला. पेनल्टी पुढे अडवली गेली, सामनाही युनायटेडनेच जिंकला. म्हणजे एवढं करून मिळवलं काय? पण तो फोटो आमच्या पोरांनीही पाहिला. चार पावलं मागे जाणं आणि ढकलत मागे नेलं जाणं यात फरक आहे, आणि तो चाळीस यार्डांवरून कळतो.

इथपर्यंतचं सगळं पंचांच्या बाजूने झालं. खेळाडूच्या बाजूचं सांगायचं तर अली बिन नासर यांची गोष्ट सांगावी लागते.

हे ट्युनिशियाचे पंच. २२ जून १९८६, मेक्सिकोचं अझ्टेका मैदान, अर्जेंटिना आणि इंग्लंड पुन्हा समोरासमोर. एक्कावन्नाव्या मिनिटाला चेंडू उंच उडाला, इंग्लंडचा गोलकीपर पीटर शिल्टन हात वर करून उडाला, मॅराडोना उडाला, आणि चेंडू जाळीत. हात मॅराडोनाचा होता हे आज लहान पोरालाही माहीत आहे. त्या क्षणी इंग्लंडच्या खेळाडूंना माहीत होतं. शिल्टन हाताला हात लावून दाखवतोय, फेनविक पंचांच्या मागे धावतोय. बिन नासर यांनी काय केलं? त्यांनी लाईनमनकडे पाहिलं. बल्गेरियाचे बोग्दान दोचेव्ह निशाण न उचलता मध्यरेषेकडे पळत निघाले होते. बिन नासर यांनी पुढे सांगितलं की, सहकारी जर जास्त चांगल्या जागी असेल तर त्याचं मानावं, अशी त्यांना सूचनाच होती. त्यांनी मानलं. गोल.

आता नियमाने बघितलं तर शिल्टन आणि फेनविक यांचं बोलणं ही नापसंतीच. शब्दाने आणि कृतीने. आणि ते शंभर टक्के खरं बोलत होते. नियमपुस्तकात, खेळाडू खरं बोलत असेल तर त्याला सूट, असं कुठेही नाही. पंचाने पाहिलेली वस्तुस्थिती अंतिम. म्हणजे हा नियम खऱ्याखोट्याचा नाहीच, तो खेळ पुढे चालू राहण्याचा आहे. हे आम्हाला पटायला फार वर्षं लागली, आणि काहींना अजून पटलेलं नाही. त्यामुळे एक गोष्ट मात्र आम्ही मनाशी धरून चालतो: समोर येऊन हातवारे करणारा खोटाच बोलत असेल असं धरू नये. तो मोकळ्या जागेत होता आणि आपल्यापुढे तीन पाठी होत्या, असंही असतं. ऐकून घ्यावं, निर्णय तोच ठेवावा. दोन्ही एका वेळी करता येतं. अवघड आहे, पण येतं.

त्याच सामन्यात चार मिनिटांनी मॅराडोनाने अर्ध्या मैदानातून एकट्याने नेऊन तो दुसरा गोल केला. त्याला वाटेत पाडायचा प्रयत्न होत असताना बिन नासर यांनी शिट्टी ओठाशी नेऊनही फुंकली नाही. त्याबद्दल त्यांना कोणी विचारत नाही, याची त्यांना खंत असावी. २०१५ मध्ये मॅराडोना ट्युनिशियाला गेला तेव्हा त्यांच्या घरी जाऊन गळाभेट घेतली, सही केलेली जर्सी दिली. तो चेंडू बिन नासर यांच्याकडेच होता. २०२२ मध्ये लंडनला लिलावात त्याचे वीस लाख पौंड आले. दोचेव्ह मात्र आयुष्यभर बिन नासर यांनाच दोष देत राहिले. दोन पंचांचं जन्माचं वैर झालं आणि हात लावणाऱ्याची गळाभेट. असो.

मधल्या काळात बोलणं आवरायला नाना उपाय झाले. २००० च्या सुमारास इंग्लंडमध्ये असं सुरू केलं की, फ्री किक दिल्यावर कोणी वाद घातला तर चेंडू आणखी दहा यार्ड पुढे न्यायचा. रग्बीची नक्कल. २००५ मध्ये ते गुंडाळलं. दहा यार्ड पुढे गेल्याने फायदाच होतो असं नाही. गोलच्या फार जवळून भिंतीवरून चेंडू वळवणं उलट कठीण. मग तिथल्याच छोट्या स्पर्धांत २०१७ पासून दुसरा प्रयोग झाला: नापसंतीचं पिवळं कार्ड मिळालं की दहा मिनिटं बाहेर बसायचं. एकतीस लीगमध्ये करून पाहिलं आणि बोलण्याचे प्रकार ३८ टक्क्यांनी कमी झाले असं तिथल्या संघटनेने सांगितलं. २०१९ पासून तळाच्या सगळ्या स्पर्धांना ते लागू झालं. हा उपाय आम्हाला मनापासून आवडतो. दहा मिनिटं बाकावर बसलेल्या पोराला त्याचे सोबतीच सुनावतात, पंचाला काही करावं लागत नाही.

आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत ठरलं की, पंचाकडे फक्त कप्तानाने यायचं. दुसरा कोणी आला तर कार्ड. त्या बदल्यात पंचाने कप्तानाला कारण सांगायचं. कप्तान गोलकीपर असेल तर त्याच्या वतीने मैदानातला एक खेळाडू आधीच नेमायचा. टी.व्ही.वर पाहताना आम्हाला रात्तीनची पट्टी आठवली. १९६६ मध्ये त्याने मागितलं ते हेच नव्हतं का? कप्तान आहे, मला विचारू द्या. अठ्ठावन्न वर्षं लागली.

चाचांनी हे त्याआधी वीस वर्षं केलेलं आम्ही पाहिलंय. सामना सुरू व्हायच्या आधी नाणं उडवताना दोन्ही कप्तानांचे हात हातात घेऊन ते म्हणायचे, "बाबांनो, आज बोलायचं ते तुम्ही दोघं. बाकीच्यांचं मला ऐकू येत नाही, माझा एक कान गेलाय." कान ठणठणीत होता.

या कामाची दुसरी बाजूही आहे, ती लपवून उपयोग नाही. बोलण्याचं बोट धरूनच हात येतो. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँडमध्ये आल्मेर गावी पोरांच्या सामन्यात रिचर्ड न्यूवेनहाउझेन नावाचे एक गृहस्थ लाईनमन म्हणून उभे होते. पगारी पंच नव्हेत. मुलगा खेळत होता म्हणून मदतीला आलेला बाप. निर्णय आवडले नाहीत म्हणून विरुद्ध संघाच्या मुलांनी त्यांना लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. वय एक्केचाळीस. २०१३ मध्ये सहा मुलांना आणि त्यांच्यातल्या एकाच्या बापालाही शिक्षा झाली. त्यातले बरेच जण मोरोक्कन घरांतले होते, त्यामुळे तिथल्या एका पुढाऱ्याने लगेच हा फुटबॉलचा नव्हे, मोरोक्कन लोकांचा प्रश्न आहे असं जाहीर केलं. डिसेंबर २०२३ मध्ये अंकाराला सामना संपता संपता बरोबरी झाली म्हणून यजमान क्लबचा अध्यक्षच मैदानात उतरला आणि पंच हलील उमुत मेलर यांच्या तोंडावर ठोसा मारला. पडलेल्या पंचाला आणखी लाथा बसल्या. तुर्कस्तानने सगळ्या लीग आठवडाभर बंद ठेवल्या, अध्यक्षावर कायमची बंदी घातली. मारणारा आणि मार खाणारा दोघे एकाच दीनचे, एकाच भाषेचे. तेव्हा हा कुणा एका जमातीचा रोग नाही, एवढं तरी त्या पुढाऱ्याला कोणी सांगायला हवं होतं.

आता जे सांगायचं ते आमच्या आमच्यातलं आहे. त्यावरून आमच्यात दोन तट पडले आणि अजून आहेत.

तालुक्याच्या एका स्पर्धेत आमच्यातला एक तरुण पंच होता. वय पंचवीस-सव्वीस, कॉलेजात लॅब असिस्टंट. स्पर्धा कुठली, संघ कोणता, ते सोडून द्या. दुसऱ्या हाफात एका बचावपटूने थ्रो-इनवरून सुरुवात केली. "डोळं हाईत का कवड्या?" आमच्या पोराने कप्तानाला बोलावून समज दिली. पुस्तकाप्रमाणे. पुढच्या फाऊलला त्याने चेंडू शेतात भिरकावला. पिवळं. तेही पुस्तकाप्रमाणे. मग पाच मिनिटं ठीक गेली. त्यानंतर ऑफसाईड दिलं नाही म्हणून तो जवळ आला आणि हळू आवाजात, गॅलरीला ऐकू जाणार नाही असं, म्हणाला, "तुझी शिट्टी पाकिस्तानात जाऊन वाजव."

लाल. सरळ लाल.

ज्यांना बारकावा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याला आधीच एक पिवळं मिळालेलं होतं. दुसरं पिवळं दाखवलं असतं तरी तो बाहेरच गेला असता. मैदानावर फरक शून्य: दहा खेळाडू, तेवढीच मिनिटं. फरक कागदावर. दोन पिवळ्यांना अहवालात "पंचाच्या निर्णयाबद्दल नापसंती" एवढं लिहिलं की पुरे, आणि शिक्षा बहुधा एका सामन्याची. सरळ लाल कार्ड अपमानास्पद किंवा शिवीगाळीच्या भाषेसाठी. त्यात ते शब्द जसेच्या तसे लिहावे लागतात. "अपशब्द वापरले" असं मोघम लिहिलेला अहवाल परत येतो. जो शब्द उच्चारला तोच शब्द, अवतरणचिन्हांत.

कप्तान धावत आला. भला मुलगा होता. म्हणाला, "सर, रागात बोलला. माझ्या घरी याल तर मी पाय धरतो. सेकंड यलो करा, बाहेर काढा, आमचं काही म्हणणं नाही. पण ते लिहू नका." चाचा त्या दिवशी निरीक्षक म्हणून टेबलाजवळ बसलेले. सामन्यानंतर तेही तेच म्हणाले. सायकलींना टेकून आम्ही उभे होतो. "बेटा, इसी रस्ते से कल भी जाना है. उसके बाप की दुकान से हम बकरीद का बकरा बांधने की रस्सी लेते हैं. आपल्याला चाळीस वर्षांत काय कमी ऐकायला मिळालं? मी एकदाही लिहिलं नाही. म्हणून तर सगळे चाचा म्हणतात."

पोरगं म्हणालं, "चाचा, गेल्या साली आपल्या लाईनमनला त्याच्या जातीवरून बोलले तेव्हा तुम्ही सरळ लाल दिलं होतं. शब्दासकट लिहिलं होतं. मीच टाईप केलं होतं."

"वो दूसरे की बात थी."

"मग माझी पण दुसऱ्याचीच समजा."

चाचा काही बोलले नाहीत. आमच्यातले मोठे त्यांच्या बाजूचे झाले, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. शहाणपण त्यात आहे आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. चाळीस वर्षं एका माणसाने कान गेल्याचं सोंग काढलं म्हणून या गावातले सामने पार पडले. तरी आमचं मत आम्ही त्या दिवशी बदललं. आम्ही, म्हणजे हे लिहिणारे, पोराच्या बाजूचे. कवड्या म्हण, आंधळा म्हण, विकलेला म्हण, ते निर्णयाबद्दल आहे. निर्णय आम्ही दिला, त्याचं ऐकून घेणं हा त्या कामाचा भाग. दुसऱ्या वाक्याचा ऑफसाईडशी काय संबंध? ते थ्रो-इनबद्दलही नाही, शिट्टीबद्दलही नाही. त्याला नापसंती म्हणून पिवळ्यात बसवायचं म्हणजे, आम्ही या मैदानात असण्याबद्दलची नापसंती हीसुद्धा खेळातलीच एक साधी गोष्ट आहे, असं आमच्याच हाताने लिहून द्यायचं. ते लिहायला आमचा हात धजत नाही. सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होते आणि पुढे फिफाचे पंच झाले. भारताच्या नावाचा बिल्ला छातीवर लावून जगभर शिट्टी वाजवली. ती शिट्टी कुठे वाजवायची ते त्यांना कोणी हळू आवाजात सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

अहवाल त्याने रात्रीच लिहिला. मराठीत, वळणदार अक्षरात. लॅबच्या जर्नलची सवय. मिनिट, नंबर, नाव, चेंडू कुठे होता, आपण किती अंतरावर होतो. मग विसर्ग देऊन, अवतरणचिन्हांत ते वाक्य.

समितीची बैठक पुढच्या रविवारी एका शाळेच्या वर्गात झाली. पाच जण बाकांवर. अध्यक्षांनी अहवाल मोठ्याने वाचायला घेतला. मिनिट वाचलं, नंबर वाचला, "सदर खेळाडूने पंचांना उद्देशून पुढील शब्द उच्चारले" इथपर्यंत आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद शेजारच्याकडे दिला. त्याने मनातल्या मनात वाचून पुढच्याकडे दिला. असा तो पाचही जणांच्या हातून फिरला. वाक्य कोणीच मोठ्याने वाचलं नाही.

"इतिवृत्तात काय लिहायचं?" चिटणीसांनी विचारलं.

"जे आहे ते," आमचा पोरगा म्हणाला.

चिटणीसांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी खिडकीकडे. चाचा मागच्या बाकावर बसले होते. ते उठून पुढे आले, कागद घेतला, आणि फिटरच्या जाड आवाजात ते वाक्य एकदा स्पष्ट वाचून दाखवलं. मग चिटणीस लिहू लागले.